सासूबाईंच्या लुगड्याला खळ

बायकोच्या बाळंतपणासाठी घरात जमवलेली सगळी जुनी फडकी मी एका सकाळी धुतली, त्यांना भाताच्या पेजेची खळ घातली आणि निम्म्यांवर कडक इस्त्रीही फिरवली.

ज्यांच्या घरात लेकरू झालेलं आहे त्यांनी एवढं वाचूनच कपाळाला हात लावला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. नव्या लेकराला पुसायला, गुंडाळायला, खाली अंथरायला जुनं सुती कापड लागतं. जुनं म्हणजे अगदी विरत आलेलं. ते तसं व्हायला वर्षं जातात. एखादी बाई ते लुगडं नेसून भाताच्या रोवणीत वाकते, त्याच्याच पदराला हात पुसते, दगडावर आपटून आपटून त्याचा रंग घालवते, तेव्हा कुठे ते हाताला लोण्यासारखं लागायला लागतं. तो सगळा मऊपणा घालवायला मला एक सकाळ पुरली.

मी शाळेत बाबू आहे. आमचं घर गोंदियाजवळ मुर्रीला. माझ्या अंगात फार गुण नाहीत, पण शर्ट मात्र असा कडक असतो की खुंटीवरून काढून जमिनीवर ठेवला तर आपला आपण उभा राहील. आमच्याकडे दोन्ही वेळा भात. आई तो वेळते आणि पेज काढते. त्या पेजेचे आमच्या घरी दोनच वाटेकरी, शेजारची गाय आणि माझे शर्ट. लहानपणापासून डोक्यात एक पक्कं बसलं आहे, की ज्याला खळ नाही ते कापड धुतलेलंच नाही. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. गुन्हा कुठून निघाला तेवढं सांगतो.

तयारी तशी आधीपासून चालू होती. आईची एक, माझी एक.

आईच्या तयारीत बादली होती, प्लास्टिकचा मग होता, चटई, थर्मास, ताट-गिलास, ओवा, सुंठ, बाळंतिणीला कानाला बांधायला पट्टी. माझी तयारी मोबाइलवरून चालली होती. दवाखान्याची बॅग कशी भरावी यावर किती बायका किती बोलतात ते मला तेव्हा कळलं. त्यांचं ऐकून मी बॅगेत बॅटरीवरचा पंखा ठेवला, बाळाची नखं कापायची चिमुकली कैची ठेवली, वेणा मोजायचं काहीतरी मोबाइलमध्ये उतरवून घेतलं आणि मन शांत राहावं म्हणून एक वासाची मेणबत्तीही ठेवली. आईनं ती मेणबत्ती बाहेर काढून उलटीसुलटी पाहिली.

"हे का होय गा?"

"वातावरण शांत राहते म्हणे."

"दवाखान्यात लाइट असते," आई म्हणाली आणि मेणबत्ती देव्हारा नसलेल्या आमच्या घरात कुठे ठेवावी हे न सुचून तिनं ती मीटरच्या खोक्यावर ठेवली. "अन् मोबाइल पाहून पाहून लेकरं होत असते तं बाया एवढ्या वेणा काऊन देत असत्या?"

बायको पलंगावर बसून हसत होती. तिचं पोट तेव्हा इतकं मोठं झालं होतं की हसताना ती त्याला दोन्ही हातांनी धरायची.

बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी नवं काही विकत आणायचं नाही, हा आईचा नियम. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं तेव्हा "नाही आनाचं म्हंजे नाही आनाचं" एवढंच उत्तर मिळालं. म्हणून जुन्या कपड्यांची जमवाजमव. आई विहारात गेली की येताना पदराखाली एखादं जुनं लुगडं घेऊन यायची. सगळ्या बायकांना ठाऊक होतं. आईनं ती लुगडी मोठ्या गंजात उकळली, उन्हात वाळवली, काठ फाडून टाकले, फडक्यांच्या घड्या केल्या आणि चादरीत बांधून ठेवल्या. म्हणजे ती फडकी धुतलेलीच होती. मला फक्त माझ्यासारखी धुतलेली दिसत नव्हती.

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. बायकोचं माहेर सौंदडजवळचं एक गाव. पण तिची माय गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर गेली. मागं फक्त सासरेबुवा. ते एकटे स्वतःचा भात शिजवून खातात तेच खूप. म्हणून बाळंतपण आमच्याकडे.

सासूबाईंनी आयुष्यभर बिड्या बांधल्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची ओली पानं आणि तंबाखू, हातात कैची. मी त्यांना दुसऱ्या कुठल्या बैठकीत पाहिल्याचं आठवत नाही. जवाई आला तरी सूप बाजूला व्हायचं नाही. बोलता बोलता बोटं चालूच. आमचं लग्न झालं तेव्हा त्या लेकीला म्हणाल्या होत्या, "तुह्या पहिल्या बाळंतपनात मी तुह्या उशाशी बसून राहीन. सूप घरी ठेवून येईन." ही गोष्ट बायकोनं मला अनेकदा सांगितली होती. मी अनेकदा "हो का" म्हटलं होतं.

माय गेल्यावर बायको माहेरून एकच वस्तू घेऊन आली. मायचं रोजचं लुगडं. हिरवं, विटलेलं. ते तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली, वरून दोन गाठी मारल्या आणि कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर मागं ठेवून दिली. हे मी पाहिलं होतं. एवढं बांधून का ठेवलं, हे विचारलं नव्हतं. बायको कपाट उघडायची तेव्हा त्या पिशवीला हात लावायची, पण ती कधी सोडायची नाही, हेही पाहिलं होतं. तेही विचारलं नव्हतं.

बॅग भरताना ती एवढंच म्हणाली, "खालच्या फळीवरची पिशवी मी निघतानी ठेवीन. तुम्ही नोका ठेवू."

मला वाटलं, बिचारी संकोच करते आहे. एवढ्या पोटानं खाली कशी वाकणार? आपणच ठेवून देऊ. माझ्या बायकोच्या शब्दांचा मी असा कायम तिच्याहून चांगला अर्थ लावत आलो आहे.

त्या सकाळी दोघी डॉक्टरकडे तपासायला गेल्या. मीही निघालो होतो, तर आईनं दारातच अडवलं.

"तू नोको येऊ. मागच्या खेपी डॉक्टरीनबाईले तूच तपासून राह्यला होता."

शाळेला सुट्ट्या, ऊन तापायला लागलेलं, घरात मी एकटा. मनात आलं, या दोघी परत येतील तेव्हा चकित झाल्या पाहिजेत. इतके महिने आपण नुसते सल्ले दिले, आज काहीतरी हातानं करून दाखवू. आणि मोबाइलवरच्या एका बाईनं ठासून सांगितलं होतं की बाळाच्या अंगाला लागणारं प्रत्येक कापड घरी पुन्हा धुवावं. मी चादरीचं गाठोडं सोडलं. मग कपाटाच्या खालच्या फळीवर हात घातला.

गाठी सुटेनात. मी पिशवी दातानं फाडली.

लुगडं सासूबाईंचं आहे हे मला कळलं. हे नीट लिहून ठेवतो, कारण पुढे मी सगळ्यांना वेगवेगळं काहीबाही सांगितलं. मला कळलं होतं. पिशवी उघडताच एक भपकारा आला. तंबाखू, ओल्या पानाचा कसलातरी हिरवट वास, खोबरेल, चुलीचा धूर. मला त्यातला फक्त तंबाखू ओळखू आला. मी नाक मुरडलं. बिडीचा वास, तोही बाळंतिणीच्या बॅगेत! पाहा बरं, मी नसतो तर काय झालं असतं! गुलाबाच्या वासाचा साबणचुरा घालून मी ते लुगडं बादलीत बुडवलं. पाणी चहासारखं निघालं. मला इतकं समाधान झालं की मी ते पुन्हा एकदा धुतलं.

मग पेज. गंजात सकाळची भरपूर होती. त्या दिवशी गाय उपाशी राहिली.

मे महिन्यातलं गोंदियाचं ऊन. दोरीवर टाकलेलं कापड चिमटा लावेपर्यंत सुकतं. लुगडं आधी वाळलं. मी त्याला इस्त्री केली, कोपऱ्याला कोपरा लावून घडी घातली आणि बॅगेत तळाशी ठेवून दिलं. फडक्यांपैकी निम्म्यांना इस्त्री झाली, निम्मी दोरीवर होती, तेवढ्यात ऑटो आला.

आई आधी आत आली. तिनं दोरीकडे पाहिलं. दोरीवरची फडकी वाऱ्यानं हलत नव्हती, खडखडत होती. तिनं एक काढून हातात घेतलं. दुमडायला गेली तर ते मधोमध कोन करून उभं राहिलं.

"हे का केलं बाप्पा?"

"धुतले," मी म्हटलं. "खळपण घातली."

आई काही क्षण माझ्याकडे अशी पाहत राहिली, जशी आपण जन्म दिलेला माणूस हाच का याची खात्री करते आहे. मग बायको आली. तिनं ते फडकं पाहिलं, बोटानं वाजवलं आणि तिला जे हसू सुटलं ते थांबेना. "आई, पोट्ट्याले याच्यावर लिहाले शिकवता येईन," ती म्हणाली. "पाटी घ्यायची गरजच नाही." मग पोट धरून खाली बसली. मीही हसलो. माझी फजिती झाली की मी सगळ्यांच्या आधी हसतो. ही माझी जुनी युक्ती आहे.

बायको आत जाऊन आडवी झाली. शिक्षा म्हणून आईनं मला अंगणात बसवलं. गरम पाण्यात फडकी टाकायची, खळ काढायची, पिळायची, दगडावर आपटायची. ती समोर बसून पाहत होती, आणि मी चुकलो की पायानं बादली माझ्याकडे सरकवत होती.

"एक तं वाचलं तुह्या हातून," ती मधेच म्हणाली. "बरं झालं तिच्या मायच्या लुगड्याले नाही हात लावला. नाही तं पोरीनं जीव घेतला असता तुहा."

माझा हात बादलीतच थांबला. "काऊन?"

"काऊन म्हंजे? वास ठेवून हाय न ती त्याच्यात. तिच्या मायचा. म्हून तं दोन दोन पिशव्यांत बांधून हाय. वरीसभर उघडलं नाही तिनं, वास उडून जाईन म्हून. मले म्हने, आई, मी एकच डाव उघडीन, वेणा लागल्या का. माय म्हने का उशाशी बसून राहीन. तं ते उशाशी घेईन."

मी मान खाली घालून फडकं आपटायला लागलो.

"हळू हळू आपट. फाडतं का आता?"

त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. आई समोर होती, बायको आत, सगळं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी ती दोन वाक्यं मनात चांगली जुळवलीही. बाबू माणूस आहे, मजकूर चांगला जुळवतो. पण आतून तिच्या हसण्याचा आवाज पुन्हा आला, फडकं आठवून असेल. मी ती दोन वाक्यं गिळली आणि दुसरं फडकं उचललं.

आई स्वयंपाकाला आत गेल्यावर मी बॅगेतलं लुगडं काढलं. नाकाशी नेलं. गुलाब. नुसता गुलाब आणि भात. एक वर्ष त्या दोन गाठींच्या आत राहिलेली बाई मी गटारात सोडून दिली होती, आणि वरून खळ घालून इस्त्री केली होती.

शरम वाटली की चांगला माणूस कबूल करतो. मी पानठेल्यावर गेलो.

ठेलेवाला माझ्या ओळखीचा. मी त्याच्याकडून बडीशेप घेतो, फार तर खोबऱ्याचं पान. बिडीचं बंडल मागितल्यावर त्यानं हातातली सुपारी खाली ठेवली.

"बाबूजी, आप कब से?"

"मेरे लिए नहीं."

"सब यही बोलते हैं," तो म्हणाला. "टेन्शन मत लो. पहला बच्चा है न? मैं भी पहले बच्चे के टाइम पे ही चालू किया था." आणि त्यानं काडेपेटी माझ्याकडून पैसे न घेता वर ठेवली.

घरामागं, न्हाणीच्या भिंतीआड बसून मी लुगड्याची खळ काढली, ते वाळवलं, मग एकेक बिडी फोडून तंबाखू त्याच्या घड्यांमध्ये चुरली. तेंदूचं पानही चुरून टाकलं. थोडं खोबरेल बोटाला लावून काठाला पुसलं. मला वाटलं, मी फार बारकाईनं काम करतो आहे. पिशवी फाटलेली, म्हणून तशाच रंगाच्या दोन नव्या पिशव्या शोधल्या, एकीत एक घातल्या, वरून दोन गाठी मारल्या.  गाठी अगदी तिच्यासारख्या जमल्या. माणूस चांगलं काम करताना एवढा सावध असता तर मी कुठल्या कुठे गेलो असतो.

ती रात्र मी झोपलो नाही, असं लिहिलं तर छान दिसेल. झोपलो. आणि चांगला झोपलो. सकाळी लवकर उठून गाठी सोडल्या आणि लुगड्यातला चुरा झटकायला पुन्हा न्हाणीमागं गेलो. तंबाखू घड्यांत चिकटली होती. मी नखांनी ती काढत होतो, तेवढ्यात आतून आईची हाक आली. आवाजावरूनच कळलं. बायकोच्या अंगावरून पाणी गेलं होतं.

त्यानंतर मी इतकी धावपळ केली की कुणाला काही सुचू दिलं नाही. ऑटोवाल्याला फोन करायच्या आधी रेल्वे फाटक बंद आहे का ते पाहायला मी मोटारसायकलवर निघालो. आईनं मागून दगड मारायचा बाकी ठेवला. ऑटो आला. बादली, थर्मास, बॅग, सगळं चढलं. मेणबत्ती मीटरवर राहिली. लुगडं पुन्हा पिशव्यांत घालून, दोन गाठी मारून मी ती पिशवी बॅगेत सगळ्यात वर ठेवली. बायको ऑटोत बसताना म्हणाली, "पिशवी?"

"ठेवली."

तिनं माझा हात दाबला. कळ आली म्हणून असेल. मी मात्र ते आभार समजलो.

दवाखान्यात आत एकाच बाईला जाऊ देतात. आई जाणार होती. आतल्या दाराशी बायको थांबली, भिंतीला हात टेकून एक कळ जाऊ दिली आणि मग माझ्याकडे हात केला.

"मायचं द्या."

मी पिशवी दिली. तिनं तिथेच, उभ्या उभ्या, एक गाठ सोडली. दुसरी सोडली. तोंड आत घातलं. मी दुसरीकडे पाहत होतो. कान मात्र तिकडे. एक मोठा श्वास ऐकू आला. मग काहीच नाही. मी पाहिलं तर ती माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. आपण घरी येतो आणि कुलूप तुटलेलं दिसतं, तेव्हा आत जायच्या आधी माणूस जसा दाराकडे पाहतो, तशी. तेवढ्यात पुढची कळ आली. तिनं लुगडं पिशवीतून ओढून काढलं, मुठीत धरलं आणि ती आत गेली.

मी स्वतःला सांगितलं, कळलं नाही तिला. कळलं असतं तर घेतलं नसतं.

बाहेरच्या बाकावर बसलो. थोड्या वेळानं सासरेबुवा आले. फोन केल्याबरोबर सौंदडहून मिळेल ती गाडी धरून निघाले होते. खांद्यावर दुपट्टा, हातात पिशवीभर मोहाची फुलं, बाळंतिणीच्या लाडवात घालायला. ते माझ्याशेजारी बसले. बोलणारा माणूस नाही तो. 

"जवाईबापू, तिच्या मायचं लुगडं देल्लं का आत?"

"दिलं."

"बरं केलं," ते म्हणाले. "मीच म्हटलं होतं तिले, घेऊन जाय म्हून. माह्यापाशी एक राह्यलं होतं, पन ते म्या धुतलं. मले नाही सुचलं. धुतल्यावर मंग बसलो घेऊन. काहीच नाही राह्यलं त्याच्यात."

त्यांनी एवढंच सांगितलं आणि फुलांची पिशवी मांडीवर नीट धरली. मी चहा आणतो म्हणून उठलो आणि नळाजवळ जाऊन उगाच उभा राहिलो. एकाच बाईची दोन लुगडी, दोन पुरुषांनी धुतली. पण त्यांनी धुतल्यावर बिडी चुरली नव्हती. घेऊन बसले होते.

मुलगी झाली. आई दारात आली तेव्हा तिच्या तोंडावर घाम आणि हसू दोन्ही होतं. सिस्टरनं जुनं कापड मागितलं. मी बॅगेतून फडक्यांची घडी दिली. तिनं वरचं एक चुरगळून पाहिलं.

"इसका कोना इतना कड़क क्यों है?"

"घरात येक बाबू हाय आमच्या," आई म्हणाली. "खालचं घ्या बाई, ते मऊ हाय." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "लय सोसलं पोरीनं. लुगडं काही सोडलं नाही हातातून. पिरगाळून पिरगाळून धरलं."

मला वाटलं, सुटलो. खरंच तसं वाटलं. जे झालं ते तिला उपयोगी पडलं, मग आता कुठे बोलायचं, कशाला तिच्या आनंदात माती कालवायची. अपराधी माणसाला दुसऱ्याच्या आनंदाची फार काळजी असते.

दुपारनंतर वॉर्डात सगळं निवांत झालं. सासरेबुवा नात पाहून, तिच्या कपाळाला दोन बोटं लावून, आईबरोबर चहाला खाली गेले. बायको भिंतीला टेकून बसली होती. मुलगी तिच्याजवळ एका विटक्या पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली, एवढीशी, तोंड लालबुंद. लुगडं उशाजवळ घडी करून ठेवलं होतं. मी स्टुलावर बसलो आणि मुलीचं नाक कोणासारखं आहे यावर बोलायला लागलो. खूप बोललो.

ती मला मधेच थांबवत म्हणाली, "माय बिडी बांधे. ओढे नाही."

मी हात मांडीखाली घेतले.

"तिच्या लुगड्याले पत्त्याचा वास होता. तेंदूच्या ओल्या पानाचा. तंबाखूचा थोडासा, मागून येणारा. तुम्ही पुरं बंडल चुरलं का?"

"अर्धं," मी म्हटलं. का ते मला माहीत नाही. जणू अर्धं म्हटल्यानं अपराध अर्धा होणार होता.

"अन् गुलाबाचा वास गेला नाही. आतपर्यंत हाय." तिनं लुगड्यावर हात ठेवला. "मायचं हाय हे माहीत होतं न तुम्हाले?"

"हो."

"मंग कायले धुतलं?"

"स्वच्छ असावं म्हणून."

ती हसली नाही. "धुतलं ते न समजून धुतलं. मी रडली असती, दोन दिवस बोलली नसती, अन् मंग झालं असतं. पन बिडी चुरली ते समजून-उमजून चुरली. गाठीपन माह्यासारख्या मारल्या. वरीसभर ठेवलं मी ते. एका दिवसासाठी. अन् त्या दिवशी मी उघडलं तं आत तुम्ही बसून."

 मी म्हटलं, "चुकलो." हा शब्द मी आयुष्यात इतक्या वेळा, इतक्या सहज, हसत हसत म्हटला आहे की त्या दिवशी खरा म्हटला तरी त्याला वजन येईना. म्हणून पुन्हा म्हटलं. तेव्हाही येईना.

"मग आत का घेऊन गेलीस?" मी विचारलं.

"तिनं नेसलेलं तं होतं न," ती म्हणाली. "कापड तं तिचंच होतं."

तिनं पदरानं डोळे पुसले. खिडकीतून झळ आत येत होती. मुलगी कुरकुरली, तोंड वाकडं केलं आणि एक मूठ फडक्याबाहेर काढली. बायको तिच्याकडे पाहायला लागली आणि मी तिथे नाही असं थोडा वेळ झालं. ते बरं वाटलं. मग मूठ हलत राहिली, रडणं वाढायला लागलं, आणि दोघींचं काही करावं, निदान एवढं तरी करावं, म्हणून मी स्टुलावरून उठलो. दोन्ही हात पुढे केले.

"दे, घेतो मी."

बायकोनं माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत अजून तपकिरी चुरा होता. तिनं मुलीला उचलून स्वतःच्या खांद्याला लावलं आणि मोरीच्या दिशेनं हनुवटी केली.

"आधी हात धुऊन या. साबन लावून, चांगले घासून. धुवाचं तं बरोबर जमते तुम्हाले."